ऑनसाईट, ओट्स आणि गाड्यावरचा नाष्टा

ऑनसाईटला निघालेल्या नगरी पोराची बॅग उघडून बघितलीये कधी? वर दोन फॉर्मल शर्ट आणि खाली अख्खं किराणा दुकान. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चिवडा, थालीपिठाची भाजणी, रेडी-टू-ईटची पाकिटं आणि टॉवेलात गुंडाळलेला तीन लिटरचा कुकर. विमानतळावर वजन जास्त भरलं तर आधी बूट बाहेर निघतात, भाजणी नाही. या सगळ्यामागे आईचं एकच वाक्य असतं, "तिकडं बाहेरचं काही खाऊ नको रे बाबा."

दुपारचं जेवण ऑफिसात भागतं, रात्री रूमवर खिचडी शिजते. खरा घोळ सकाळचा. आणि या सकाळच्या प्रश्नावर आपल्या मंडळींचे सरळ सरळ पंथ आहेत. एक गुणाकारवाले. समोर काहीही आलं की त्यांच्या डोक्यात आधी सत्तरने गुणलं जातं (सिंगापूर डॉलर सध्या सत्तर रुपयांच्या घरात आहे), आणि गुणाकार झाला की भूकच जाते. दुसरे ओट्सवाले, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तिसरे आईवाले, जे भाजणी संपेपर्यंत भाजणी खातात आणि संपली की उपाशी ऑफिसला जातात.

मी नगरचा. (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडातून अजून नगरच येतं.) पुण्यात नोकरी, आणि मधली दोन वर्षं सिंगापूरला काढली. तेव्हापासून माझं या विषयावर ठाम मत आहे. परदेशात राहत असाल आणि त्या गावात रस्त्यावरचा स्वस्त नाष्टा मिळत असेल तर तो खावा. डोळे उघडे ठेवून खावा, पण खावाच.

आता यावर पहिला आक्षेप असा येतो की गाड्यावरचं खाणं ही चैन आहे, किंवा आळस आहे, घरचं ते घरचं. मला हे मुळातच उलटं वाटतं. आपल्याकडे घरात राहणारा माणूस गाड्यावर नाष्टा करायचाच कुठे? आमच्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या घरी न्याहारी म्हणजे बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, सोबत ठेचा नाहीतर चटणी. शहरात चहा-चपाती. गाडा कोणासाठी होता? माळीवाडा स्टँडवर पहाटेच्या एसटीने उतरलेल्यासाठी, मार्केट यार्डातल्या हमालासाठी, मनमाड रोडवरच्या ट्रकवाल्यासाठी, एमआयडीसीत रात्रपाळी करून निघालेल्यासाठी. म्हणजे ज्याची चूल त्या घडीला जवळ नाही, त्याच्यासाठी. वांबोरीची कचोरी एवढी नावाजली त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांचा हात मोठा, असं आपलं मला वाटतं. वडापाव १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर सुरू झाला असं सांगतात. ती जागाच बघा ना. स्टेशन, गिरण्या जवळ, पायाखाली घाई. गिरणीतला माणूस कोकणातून, घाटावरून एकटा आलेला, खोलीत दहा-पंधरा जण. त्याला सकाळी कोण करून घालणार होतं?

सिंगापूरची गोष्ट याहून फार वेगळी नाही. तिथे चीनमधून, तामिळ मुलखातून, मलाय बेटांवरून माणसं मजुरीला आली. त्यांच्या पोटासाठी रस्त्यावर खांद्यावरच्या कावडीतून नूडल्स, भात, रोट्या विकणारे उभे राहिले. पुढे सरकारने १९६८-६९ मध्ये या सगळ्या फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात पाणी, गटार, छप्पर असलेली हॉकर सेंटरं बांधून त्यांना आत नेऊन बसवलं. आज अशी शंभराहून जास्त सेंटरं आहेत. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ही हॉकर संस्कृती वारशाच्या यादीत घेतली. तेव्हा तिथे आज जो गाडा म्हणायचा तो म्हणजे दहा बाय दहाचा गाळा. तरी स्वभाव गाड्याचाच. एका गाळ्यावर एकच पदार्थ, तोच माणूस, तेच गिऱ्हाईक.

म्हणून घरापासून चार हजार किलोमीटरवर एकटं राहणाऱ्या माणसाने हॉकर सेंटरला नाकं मुरडायची हे मला विचित्र वाटतं. अरे, तुझ्यासाठीच तर आहे हे सगळं.

बरं, खायला असतं तरी काय? प्राठा नावाचा पदार्थ आहे, म्हणजे आपला पराठाच, तामिळ मुसलमानांबरोबर तिकडे गेलेला, हवेत उडवून पातळ केलेला, सोबत डाळ किंवा रस्सा. काया टोस्ट म्हणजे भाजलेल्या पावात लोणी आणि नारळ-अंड्याचा गोड मुरांबा, बाजूला अर्धकच्ची अंडी. शेवयांसारखी परतलेली बी हून. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, नासी लेमाक. टेक्का सेंटरला गेलात तर इडली-डोसाही आहे, पण तो पहिल्या आठवड्यापुरता ठेवा. आणि कोपी. ही मागायची एक भाषाच आहे. कोपी म्हटलं की कंडेन्स्ड दूध, कोपी-ओ म्हटलं की बिनदुधाची पण साखर घातलेली, कोसोंग म्हटलं की साखरसुद्धा नाही. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला हे सिंटॅक्स दोन दिवसांत जमतं. :)

आता हिशोब, कारण गुणाकारवाले इथपर्यंत वाचत आले असतील तर त्याचसाठी. कोपी आणि दोन प्राठे, किंवा कोपी आणि बी हून, साधारण चार डॉलर धरा. महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे ८८ डॉलर. रूमवर दूध-ब्रेड-अंडी आणली तरी रोजचे दोन डॉलर जातातच, ते ४४. फरक ४४ डॉलरचा, म्हणजे रुपयात तीन हजारांच्या आसपास. होमलोनचा हप्ता चालू असताना तीन हजार ही फुंकर मारून उडवायची रक्कम नाही, हे मला मान्य आहे. पण माझ्या ओळखीत जे नाष्टा वाचवतात ते अकरा वाजता ऑफिसखालच्या कॉफी शॉपमध्ये सहा-सात डॉलरचा कप घेऊन उभे असतात. हे लॉजिक मला कधी कळलेलं नाही.

स्वच्छतेचं बोलू. इथे मला वाटतं की नगरसारख्या गावात वाढलेल्याला एक शिक्षण फुकट मिळालेलं असतं, गाडा वाचायचं. कढई उकळतीये की कोमट आहे, माल खपतोय की पडून आहे, प्लेटा नळाखाली धुतात की बादलीत बुचकळतात, हे आपण चालता चालता बघून घेतो. तेलातून आत्ता निघालेला वडा बहुतेक वेळा निर्धोक असतो. घात करते ती पातळ चटणी, सकाळीच चिरून ठेवलेला कांदा आणि ती बादली. मिसळीचंही तेच, उकळत्या कटाने पोट सहसा बिघडत नाही, वरच्या कच्च्या गोष्टींनी बिघडतं. म्हणजे आपल्याकडे गुन्हेगार बहुधा पाणी असतं. सिंगापूरला नळाचं पाणी सरळ पिता येतं, त्यामुळे अर्धी भीती तिथेच संपते. गाळ्यांची तपासणी होते, आणि १९९७ पासून पुढे कित्येक वर्षं प्रत्येक गाळ्यावर ए, बी, सी अशी स्वच्छतेची पाटी लावलेली असायची.

पण "परदेश आहे, सगळं स्वच्छच असणार" हेही डोक्यातून काढा. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये जितका वेळ राहील तितके त्यात जंतू वाढतात, मग ते गाव कुठलंही असो. भाताचं तर खास सांगतो. बॅसिलस सेरियस नावाचा जंतू तांदळात असतो, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट पडून राहिला की तो वाढून जे विष तयार करतो ते पुन्हा गरम केलं तरी जात नाही. त्यामुळे सकाळी सहाला बांधून ठेवलेली नासी लेमाकची पुडी साडेअकराला स्वस्तात मिळते म्हणून उचलू नका. आठच्या गर्दीत घ्या. बँकॉक, हनोईसारख्या गावी जिथे खरोखर रस्त्यावर बसून खायचं आहे आणि नळाचं पाणी पिण्यालायक नाही, तिथे आपले नगरचे नियम जसेच्या तसे लावा. जाण्याआधी डॉक्टरला विचारून टायफॉईड आणि हिपॅटायटिस ए ची लस घ्या. पोट बिघडून तिकडच्या डॉक्टरकडे गेलात तर वरचा सगळा हिशोब एका बिलात बुडतो.

शाकाहारी मंडळींची अडचण खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. मलाय पद्धतीच्या सांबलमध्ये बहुधा कोळंबीचा खारवलेला गोळा असतो, दिसत नाही. चिनी गाळ्यांवर डुकराची चरबी असू शकते. प्राठ्याबरोबरचा रस्सा माशाचा असू शकतो, डाळ वेगळी मागावी लागते. "व्हेज आहे का" हा प्रश्न पुरत नाही, काय काय घातलंय तेच विचारावं लागतं. पण एक गंमत सांगतो. जवळजवळ प्रत्येक सेंटरात एखादा चिनी शाकाहारी गाळा असतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे रांग लागते, कारण बरेच बौद्ध आणि ताओपंथी लोक त्या दिवशी मांसाहार करत नाहीत. कडक पाळणारे तर कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. आपल्या एकादशीचं आणि चातुर्मासाचं त्या आज्यांना समजावून सांगायला मला तीस सेकंदसुद्धा लागले नाहीत. हे ज्ञान रूमवर ओट्स भिजवून मिळालं नसतं.

माझ्या दृष्टीने मुख्य मुद्दा हाच आहे खरं तर. ऑनसाईटवर माणूस घर, मेट्रो, क्यूबिकल, मेट्रो, घर असा फिरतो. वीकेंडला आपल्याच लोकांत क्रिकेट. दोन वर्षं राहून त्या गावातल्या एकाही माणसाला तो ओळखत नाही, आणि त्यालाही कोणी ओळखत नाही. हे मी फार जवळून बघितलंय. एकटेपणाने पोरं खचतात, आणि घरी फोनवर "सगळं मस्त" म्हणतात. रोज एकाच गाळ्यावर गेलात तर तिसऱ्या आठवड्यात कोपीवाला अंकल तुम्हाला बघून न विचारता कप लावतो. चार दिवस दिसला नाहीत तर "कुठे होतास" म्हणून विचारतो. आपण नगरला "मामा, एक हाफ" म्हणतो तसंच. एवढ्याने एकटेपण जातं असं नाही. पण सकाळी कुणीतरी आपली वाट बघितली, ही गोष्ट परक्या गावात किती मोठी असते ते राहिलेल्यालाच कळेल.

स्वस्त हा शब्द मात्र जरा जपून वापरावा. आपल्याकडे गाडा स्वस्त असतो कारण त्याला जागेचं भाडं नसतं, आणि भाडं नसतं म्हणून अतिक्रमणची गाडी कधीही येऊ शकते. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ साली झाला, त्याची अंमलबजावणी आपण बघतोच आहोत. सिंगापूरला स्वस्ताई टिकली ती बऱ्याच अंशी सरकारने कमी भाड्यात गाळे दिल्यामुळे आणि मालक-मालकीण पहाटे चारला उठत असल्यामुळे. हे हॉकर आता साठीच्या आसपासचे आहेत आणि त्यांची शिकलेली मुलं गाळ्यावर उभी राहायला फारशी तयार नाहीत. मुलं आपल्यासारखीच ऑफिसात बसतात. त्यामुळे वीस-तीस सेंटने भाव वाढला म्हणून कुरकुर करणारा आपला माणूस बघितला की मला लाज वाटते.

तब्येतीचं म्हणाल तर ओट्सवाल्यांचा एक मुद्दा बरोबर आहे. प्राठा म्हणजे मैदा आणि तूप-तेल, कोपी म्हणजे साखर. रोज दोन-दोन झाले तर वजनकाटा बोलायला लागेल. सिंगापूर सरकारलाही मधुमेहाची धास्ती आहे, २०२३ च्या शेवटापासून साखळी दुकानांतल्या ताज्या पेयांनाही साखरेप्रमाणे ए ते डी अशी श्रेणी आहे. कोपीवाल्याला "सिउ दाय" म्हणा, साखर कमी घालतो. प्राठा आठवड्यातून दोनदा, बाकी दिवस अंडी-टोस्ट किंवा बी हून. एवढं शहाणपण आपण नगरला वड्याच्या बाबतीत दाखवत नाही, तिथे दाखवावं.

हे सगळं जिथे गाडा आहे तिथलं. दुबईत केरळी लोकांच्या छोट्या कॅफेटेरियांत सकाळी करक चहा आणि पराठा मिळतो, बिनधास्त खा. टेक्सासात ब्रेकफास्ट टाको आहे. न्यूयॉर्कला फूटपाथवर कॉफीच्या गाड्या उभ्या असतात, त्यातली कुठली निवडायची याचा नियम मनमाड रोडवरचाच, जिथे ड्रायव्हर लोक थांबतात ती. जर्मनीत मात्र गाडा शोधत थंडीत कुडकुडू नका, सरळ कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरा. सकाळी लवकर उघडते, पाव गरम असतो, आणि बहुतेक ठिकाणी उभ्याने कॉफी प्यायला एक उंच टेबलही असतं.