टीपॉय आणि कूलर

शोरूममध्ये टीपॉय कसा दिसतो त्यावरून तो घेऊ नये, असं माझं ठाम मत झालंय. तिथे त्याच्या चारही बाजूंनी फिरायला मोकळी जागा असते, एसी सुरू असतो आणि वर एक फुलदाणी, दोन गुळगुळीत इंग्रजी पुस्तकं अन् प्लास्टिकची लिंबं मांडलेली असतात. वर्ध्यातल्या कुठल्याही हॉलमध्ये असा टीपॉय मी तरी पाहिला नाही. आमच्याकडे त्यावर पेपर असतो, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, बीपीच्या गोळ्या, चष्म्याची डबी, चार्जर आणि रिमोट असतो. पाहुणे आले की एका हाताने हा सगळा संसार सोफ्याच्या उशीमागे ढकलायचा आणि दुसऱ्या हाताने चहाचा ट्रे टेकवायचा. कॉफी टेबल म्हणून विकलेल्या या वस्तूवर कॉफी आलीच तर पुण्याहून सुट्टीत आलेल्या लेकीपुरती.

धाकट्या जावेने आर्वी रोडला फ्लॅट घेतला. तिला टीपॉय ‘स्टायलिश’ हवा होता, म्हणून आम्ही नागपूर गाठलं. सोनेरी पायांवर पांढरा संगमरवर, चार फूट बाय दोन फूट, अशा एका टीपॉयपाशी ती थबकली. दिसायला देखणा, वादच नाही. मी विक्रेत्याला वजन विचारलं, तर त्याने ‘एकदम सॉलिड आहे, मॅडम’ एवढंच सांगितलं. हिशेब अवघड नाही. दोन सेंटिमीटर जाडीचा एवढा दगड म्हणजे पाय सोडून नुसतं वरचंच चाळीसेक किलो. बारा मिलिमीटरची काच घेतली तर वीस-बावीस किलो. इंचभर जाडीचं सागवान घेतलं, तर बारा किलोच्या आसपास.

वजनाचं एवढं काय, असं मुंबई-पुण्याच्या वाचकांना वाटेल. त्यांनी मे महिन्यात वर्ध्याला यावं. पारा पंचेचाळिशी ओलांडतो, खिडकीत डेझर्ट कूलर बसतो आणि अख्खं घर हॉलमध्ये त्याच्या झोताखाली झोपायला येतं. रोज रात्री गाद्या पडतात, रोज सकाळी उचलल्या जातात. म्हणजे हॉलच्या मधोमध जे काही असेल ते एप्रिल ते जून दररोज दोनदा हलणार. पुढे महालक्ष्म्या येतात, तेव्हा त्याच हॉलमध्ये पंगत बसते आणि टीपॉय गॅलरीत जातो. जो एकट्या बाईला उचलता येत नाही, तो विदर्भातल्या हॉलसाठी नाही. माझी पहिली कसोटी हीच. रंग, पाय, पॉलिश या गोष्टी तिच्यानंतर.

संगमरवराचं आणखी एक दुखणं आहे. त्याला आंबट सोसत नाही. उन्हाळाभर आपण पाहुण्यांना देतो काय, तर पन्हं आणि लिंबू सरबत. ग्लासच्या बुडाचा थेंब राहिला की आम्ल त्या दगडाला खातं आणि तिथे मळकट, निस्तेज कडं उमटतं. तो डाग नसतो, झीज असते. पुसून जात नाही, घासून पुन्हा पॉलिश करावं लागतं. काचेला आंबटाचं भय नाही, पण दुपारच्या झळांबरोबर येणारी धूळ तिच्यावर तासाभरात बोटाने नाव लिहिण्याइतकी जमते. आणि काच लाकडी चौकटीत बसवलेली असेल, तर तिच्या कडेच्या फटीत गोरसपाकाचा चुरा अडकतो. वर्ध्याच्या घरात पाहुण्यापुढे गोरसपाक येणारच. मग दर रविवारी टाचणीने ती फट कोरत बसा. एमडीएफचा टीपॉय स्वस्त आणि हलका, पण फरशी पुसताना पाय भिजत राहिले की खालून फुगतो.

उंचीच्या बाबतीत मात्र आपल्या जिल्ह्यातलं एक उदाहरण सांगण्याजोगं आहे. जून 1942 मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामला राहिले. गांधीजींशी झालेली बोलणी टाइप करायची होती आणि उकाडा जीव घेत होता. त्यांनी एका पत्र्याच्या टबात पाणी भरलं, त्यात लाकडी खोकं ठेवून त्यावर टॉवेलची घडी टाकली आणि टबाबाहेर त्याहून मोठं खोकं मांडून त्यावर टाइपरायटर ठेवला. मग टबातल्या खोक्यावर बसून, घाम आला की भांड्याने अंगावर पाणी ओतत, तासभर टाइप केलं. आश्रमात हा हास्याचा विषय झाला. मला त्यातली जुळणी आवडते. बसायचं खोकं लहान, कामाचं मोठं. काम लिहायचं होतं, म्हणून हाताखालची पातळी वर. चहाला हेच उलटं. टीपॉय सोफ्याच्या बैठकीइतका किंवा इंच-दोन इंच खाली हवा, म्हणजे साधारण सोळा ते अठरा इंच. सोफ्यापासून अंतर दीड फुटाहून फार नको, नाहीतर कपासाठी उठावं लागतं. लांबी सोफ्याच्या दोन तृतीयांश. हे आकडे शोरूममध्ये कुणी सांगत नाही, कारण तिथला सोफाही विकायचा असतो.

तिथेच बापू कुटीत जमिनीवरच्या चटईपुढे गांधीजींचं बुटकं मेज आहे. मातीच्या भिंतीवर मीराबहेननी उठवलेली ताडाची झाडं आणि खाली हे एवढंसं लाकूड. मांडी घालून बसणाऱ्याच्या हाताला ते बरोबर येतं. जानेवारी 1978 मध्ये विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला परिषदेसाठी आले होते, तेव्हा ते या कुटीत येऊन बसत. सामान रचून ठेवायला बांधलेली घरं आणि माणसाने राहायचं घर, असा भेद त्यांनी तिथे मांडला. पटतं. पण माझे गुडघे त्या परिषदेला नव्हते. साठीच्या पुढच्या पाहुण्याला चटईवर बसवणं हे तत्त्वज्ञान नाही, छळ आहे. सोफा राहणार, तेव्हा टीपॉयही राहणार. इलिचना मान म्हणून तो लहान असावा, इतपत तडजोड मी करते.

राहिलं लाकूड. आष्टी, कारंजा, आर्वीकडच्या जंगलांत साग आहे, खाली बल्लारशाहचा तर प्रसिद्धच. अयोध्येच्या राम मंदिरासाठी 2023 मध्ये सागवान गेलं ते तिथूनच. तरी नवं सागवान घेतलं की झालं, असं नाही. लाकूड रेषांच्या आडवं हलतं, लांबीत जवळपास नाही. आमच्याकडे मार्चमध्ये हवा कोरडी ठणठणीत होते, लाकूड आक्रसतं. मग कूलर त्याच्यावर ओली हवा मारतो, ते फुगतं. पुढे पावसाळा आहेच. दोन फूट रुंद फळी वर्षभरात सूत-दोन सूत सहज आत-बाहेर होते. सुताराने ती खालून स्क्रूने घट्ट जखडली असेल, तर ती तडकते. स्क्रूची भोकं लांबट ठेवली, तर हलायला वाव मिळतो. जॉर्ज नाकाशिमा हे जपानी वंशाचे अमेरिकन कारागीर तर फळीची भेग लपवतच नसत, तिच्यावर फुलपाखराच्या आकाराची लाकडी किल्ली ठोकून तिला तिथेच थांबवत. 1964 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही त्यांनी काम केलं. त्या भेगांच्या टेबलांना आज जगभर लाखांनी किंमत येते. आपल्याकडे तीच भेग दिसली की सुताराचे उरलेले पैसे अडतात.

शेवटी जावेने शोरूमचा नाद सोडला. सासरच्या गावी जुनं घर पाडलं होतं, त्याच्या चौकटी पडवीत पडून होत्या. मिस्त्रीने एक तुकडा रंध्याने सोलला. वरचा काळा थर गेला आणि खालून मधासारखा रंग निघाला, सागाचा तो तेलकट वासही आला. कडेची पांढरी पट्टी त्याने नखाने दाबून दाखवली. ‘हे काढून टाकू, कीड अन् उधई इथूनच सुरू होते. बाकी गाभा पक्का हाय. जेवढं हलाचं होतं तेवढं याचं हलून झालं.’ जुने खिळे आधी उपटावे लागतील, नाहीतर मशीनच्या पात्याचे दात जातील, हेही त्याने मजुरीत धरून घेतलं.

एकच मोठा करण्याऐवजी दीड बाय दोनचे दोन करायचे ठरले. रोज जोडून ठेवायचे, गाद्या पडल्या की एकेक उचलून भिंतीला लावायचा आणि एकावर पाण्याचा तांब्या ठेवायचा. स्टाइल म्हणाल तर पाय खाली किंचित निमुळते करणार, एवढीच. सनमाइका नाही, सोनेरी काही नाही. जाऊ अजून थोडी नाराज आहे, पण दोन टीपॉयची मजुरी त्या एका संगमरवरी टीपॉयच्या किमतीहून बरीच कमी निघाल्यावर तिचा आवाज उतरला.

अडलं ते तारखेवर. ‘पोळ्याआधी नाई जमत ताई, बैल हायत,’ मिस्त्री म्हणाला. पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल. त्याच्या दारात चाकं न लागलेले सहा-सात उभेच होते आणि सिंदी रेल्वे गावचं एक मोठं काम अंगावर होतं. त्या बैलांपुढे आमच्या टीपॉयचा काय पाड! जावेने बरीच घासाघीस केली. एक टीपॉय पोळ्याआधी मिळणार, दुसरा पोळा फुटल्यावर.