सशाचं मटण पौष्टिक आहे, पण ते औषध नाही

"डॉक्टर, सशाचं मटण हार्टला चालतं म्हणे. त्यात कोलेस्टेरॉल नसतंच. मग खाऊ का?"

हा प्रश्न ओपीडीत मला आता बऱ्यापैकी नियमित ऐकू येतो. विचारणारे कधी सिल्लोड-कन्नडकडचे शेतकरी असतात, कधी सिडकोतले निवृत्त कर्मचारी. कुणाच्या भाच्यानं ससेपालन सुरू केलेलं असतं, कुणाला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आलेला असतो. बाहेर पंधरा पेशंट बसलेले असताना याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पाळीव सशाचं मांस हे चांगलं, कमी चरबीचं, प्रथिनयुक्त अन्न आहे. मांसाहार करणाऱ्यांनी ते खायला हरकत नाही. पण त्यानं हृदयविकार, मधुमेह, दमा यांपैकी काहीही बरं होत नाही. आणि त्याच्या भरवशावर गोळ्या बंद करणं हा जिवाशी खेळ आहे.

आधी ठरवा, ससा कोणता?

मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना एकच नाव दिलं आहे. आपल्या तुरीच्या, कपाशीच्या शेतातून टणाटण उड्या मारत पळतो तो रानससा. फार्मवर पिंजऱ्यात वाढवतात तो पाळीव ससा, मूळचा युरोपातला. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला, ग्रे जायंट या त्याच्या जाती. रानसशाचं मांस गडद आणि उग्र वासाचं असतं, पाळीव सशाचं फिकट, जवळजवळ कोंबडीसारखं.

रानससा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहे. त्याची शिकार करणं गुन्हा आहे, मग तो गौताळ्याच्या जंगलातला असो की आपल्या बांधावरचा. "लहानपणी आमच्याकडे फासे लावायचे" हे अनेक जण कौतुकानं सांगतात. तो काळ गेला.

डॉक्टर म्हणूनही मी रानससा खाऊ नका असंच सांगेन. शेतात फवारणी झालेली असते, उंदरांसाठी विषारी आमिष टाकलेलं असतं. मेलेला किंवा सुस्त पडलेला ससा सापडला तर तो कशानं तसा झाला हे कुणालाच माहीत नसतं. असा कोणताही प्राणी घरी आणू नये, शिजवू नये आणि उघड्या हातांनी उचलूही नये.

पाळीव सशाच्या मांसाला मात्र देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत मान्यता आहे. इथून पुढे मी फक्त त्याबद्दलच बोलतोय.

त्यात नेमकं काय असतं?

१०० ग्रॅम कच्च्या, बिनहाडाच्या मांसाचे साधारण आकडे असे आहेत.

- पाळीव ससा: प्रथिनं २० ग्रॅम, चरबी ५ ते ६ ग्रॅम, ऊर्जा सुमारे १३५ कॅलरी.
- कोंबडीचा छातीचा भाग, कातडीशिवाय: प्रथिनं २२ ग्रॅम, चरबी ३ ग्रॅमच्या आत, ऊर्जा सुमारे १२० कॅलरी.
- बोकडाचं मांस, वरची चरबी पूर्ण काढून: प्रथिनं २० ग्रॅम, चरबी २ ते ३ ग्रॅम, ऊर्जा सुमारे ११० कॅलरी.

आकडे पाहून अनेकांना आश्चर्य वाटतं. ससा सर्वांत 'हलका' असेल अशी समजूत असते. प्रत्यक्षात चरबी साफ केलेलं बोकडाचं मांस आणि कातडी काढलेली कोंबडी त्याच्या मागे नाहीत, उलट थोडी पुढेच आहेत. फरक असा की आपण बाजारातून आणतो ते मटण चरबीसकट असतं, आणि काही जण तर "थोडी चरबी टाका हो" असं मागून घेतात.

सशाच्या दोन गोष्टी मात्र खरोखर चांगल्या आहेत. पहिली चरबीची प्रत. शेळी-मेंढी रवंथ करतात. त्यांच्या पोटातले जिवाणू चाऱ्यातल्या असंपृक्त चरबीचं मोठ्या प्रमाणात संपृक्त चरबीत रूपांतर करतात. ससा रवंथ करत नाही, त्यामुळे लसूणघासासारख्या चाऱ्यातली चांगली चरबी बरीचशी तशीच त्याच्या मांसात उतरते.

दुसरी गोष्ट म्हणजे जीवनसत्त्व बी-१२. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या पुन्हा खातो. ऐकायला विचित्र वाटेल, पण आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेली ब गटातली जीवनसत्त्वं त्याला अशी परत मिळतात. १०० ग्रॅम मांसात सुमारे ७ मायक्रोग्रॅम बी-१२ असतं. आपली रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची आहे. कोंबडीच्या छातीच्या मांसात ते याच्या मानानं अगदीच किरकोळ असतं. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांमध्ये बी-१२ कमी होऊ शकतं, त्यांच्यासाठी हा मुद्दा उपयोगी आहे. पण तपासणीत कमतरता निघाली असेल तर गोळ्या किंवा इंजेक्शनच लागतील. महिन्यातून दोनदा रस्सा खाऊन ती भरून निघत नाही.

लोहाच्या बाबतीत ससा मागे आहे. त्यात १०० ग्रॅमला दीड मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, बोकडाच्या मांसात पावणेतीनच्या आसपास. "रक्त वाढवायला ससा" हा सल्ला त्यामुळे फारसा खरा नाही.

जुन्या आयुर्वेदिक ग्रंथांतही शशमांसाचा उल्लेख आहे. चरकसंहितेत ते हलकं आणि रूक्ष म्हटलं आहे. आजच्या भाषेत आपण त्याला कमी चरबीचं म्हणतो, इतकंच.

'कोलेस्टेरॉल-फ्री मटण' असं काही नसतं

कोलेस्टेरॉल प्रत्येक प्राण्याच्या पेशीत असतं. सशाच्या १०० ग्रॅम मांसात ते सुमारे ५७ मिलिग्रॅम आहे, बोकडाच्या मांसातही जवळपास तेवढंच. शून्य कोलेस्टेरॉल फक्त वनस्पतिजन्य पदार्थांत मिळतं. तेव्हा पाटीवर, रीलमध्ये किंवा पॅकेटवर कुणी 'कोलेस्टेरॉल-फ्री ससा' लिहिलं असेल तर ते चूक आहे.

याचा त्रास काय होतो ते सांगतो. वैजापूरकडचे एक गृहस्थ, वय ५८, स्टेंट टाकलेला. सहा महिन्यांनी तपासणीला आले ते खुशीत. "मटण सोडलं, आता फक्त ससा खातो, म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली." गोळी चालू असताना त्यांचं एलडीएल ६५ होतं, आता रिपोर्टमध्ये १४२. नशीब की रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांनी चालू ठेवली होती. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. मेहुण्यानं प्रेमापोटी सल्ला दिला होता, त्यांनी तो मनापासून पाळला होता.

इथे समजून घ्यायची गोष्ट अशी. आपल्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा मोठा हिस्सा आपलं शरीरच तयार करतं, त्यातही यकृताचा वाटा मोठा. स्टॅटिन गटातली गोळी तिथेच लगाम घालते. ताटात बोकड आहे की ससा, यानं यकृताचा कारखाना बंद पडत नाही. संपृक्त चरबी कमी केली तर थोडा फायदा नक्की होतो, पण स्टेंट बसलेल्या माणसाला तेवढा फायदा पुरत नाही. पथ्य हे गोळीच्या जोडीला असतं, गोळीच्या जागी नसतं.

कुणी जपून खावं?

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी: 'हलकं मांस' म्हणून जास्त खाल्लं जातं. प्रथिनं आणि फॉस्फरस सशातही इतर मांसाइतकेच असतात. किती खायचं ते तुमच्या क्रिएटिनिनवर ठरतं, त्यामुळे आधी विचारा.

युरिक ॲसिड किंवा गाऊटचा त्रास असलेल्यांनी: सशानं युरिक ॲसिड वाढत नाही हा गैरसमज आहे. इतर मांसासारखंच यातही प्युरिन असतं. सांधा सुजलेला असताना तर टाळाच.

गर्भवतींनी: पूर्ण शिजलेलंच खावं आणि कच्चं मांस शक्यतो हाताळू नये. अर्धवट शिजलेल्या मांसातून टॉक्सोप्लाझ्मासारखा संसर्ग होऊ शकतो.

कवळी असलेले ज्येष्ठ आणि लहान मुलं: सशाची हाडं बारीक आणि ठिसूळ असतात, तोडताना त्यांचे टोकदार तुकडे होतात. ते घशात अडकू शकतात. यांच्यासाठी मांस हाडावरून सोडवूनच वाढा.

जिमला जाणाऱ्या मुलांसाठीही एक गोष्ट. केवळ अतिशय कमी चरबीच्या मांसावर दिवस काढले तर माणूस आजारी पडतो. पोटभर खाऊनही भूक भागत नाही, जुलाब आणि अशक्तपणा येतो. उत्तर ध्रुवाकडच्या प्रवाशांनी हे अनुभवलं आणि त्याला सशावरूनच नाव पडलं, 'ससा-उपासमार'. कारण यकृत एका मर्यादेपलीकडे प्रथिनांचं ऊर्जेत रूपांतर करू शकत नाही. भाकरी, भाजी, थोडं तेल खाणाऱ्याला ही भीती नाही. पण भात-पोळी-तेल सगळं सोडून फक्त उकडलेलं मांस खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खरा घोळ कढईत होतो

आपल्या मराठवाड्यात रस्सा म्हणजे वर तर्री हवीच. इथला नान खलिया असो की घरचा येसूर घातलेला रस्सा, वाटीत लाल तेल तरंगलं नाही तर पाहुणे "पाणचट झालं" म्हणतात. माझी तक्रार सशाबद्दल नाही, या तर्रीबद्दल आहे. अर्धा किलो मांसाला वाटीभर, म्हणजे १५० मिलीलीटर तेल घातलं, तर एकट्या तेलातूनच बाराशेपेक्षा जास्त कॅलरी येतात. म्हणजे त्या मांसाच्या जवळजवळ दुप्पट! मग कमी चरबीचा ससा आणून काय साधलं?

घरी असं करून पाहा. अर्धा किलो मांस चार जणांना पुरतं. तुकडे शक्यतो दुकानातूनच करून आणा. अर्धी वाटी दही, आलं-लसूण, हळद आणि थोडं मीठ लावून दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. या मांसात चरबी कमी असल्यानं ते मोठ्या आचेवर कोरडं आणि चिवट होतं. दह्यानं ते मऊ राहतं. चार चहाचे चमचे तेलात कांदा परता, मांस घाला, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. झाकणावर पाणी ठेवण्याची आपल्या आजीची पद्धत इथे उत्तम. पाऊण ते एक तास लागतो. कुकर वापरणार असाल तर कोवळ्या सशाला तीन शिट्ट्या पुरतात. शेवटी भाजलेलं सुकं खोबरं दोन चमचे, काळा मसाला किंवा येसूर. जाडपणा येसूरमधल्या धान्या-डाळींमुळे येतो, तेलाची गरज पडत नाही. मीठ चवीपुरतंच. सशाच्या मांसात मुळात सोडियम कमी असतं, बीपीवाल्यांचा तो फायदा वरून मीठ ओतून घालवू नका.

मांस हाडाजवळ गुलाबी राहता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७१ अंश सेल्सियसच्या पुढे गेलेलं असावं. कच्चं मांस कापलेल्या सुरीनं आणि पाटावर कोशिंबीर चिरू नका. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात शिजवलेला रस्सा तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका.

विकणारे आणि विकत घेणारे

ससेपालन करणाऱ्या शेतकऱ्यांबद्दल मला आस्था आहे. बारा आठवड्यांत साधारण दोन किलोचा होणारा, चारा खाणारा प्राणी हा जोडधंदा म्हणून वाईट नाही. पण त्यांनी आपला माल अन्न म्हणून विकावा, औषध म्हणून नाही. कडकनाथ कोंबडीचं काय झालं ते आठवा. आधी आरोग्याचे मोठमोठे दावे, त्यावर चढे भाव, त्यावर पालनाच्या योजना, आणि २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक शेतकऱ्यांचे पैसे त्यात अडकले. आरोग्याच्या खोट्या दाव्यांवर उभा केलेला बाजार टिकत नाही, आणि कोसळतो तेव्हा शेतकरीच खाली सापडतो.

'सशाच्या रक्ताचं तेल' म्हणून केसांसाठी जे विकतात, त्यानं केस उगवत नाहीत. दम्यावर सशाचं रक्त किंवा मांस यांचाही उपयोग नाही. दम्याला इन्हेलरच लागतो. ससे पाळणाऱ्यांच्या घरात कुणाला अंगावर गोल, खाजणारे चट्टे उठले तर मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब आणून लावू नका. सशांकडून गजकर्ण माणसाला होऊ शकतं, आणि त्या ट्यूबनं ते आणखी पसरतं.

सशाचं मांस बहुतेक ठिकाणी ब्रॉयलर कोंबडीपेक्षा महाग पडतं. आवडत असेल, परवडत असेल, तर परवानाधारक विक्रेत्याकडून घ्या आणि आनंदानं खा. परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. अंडी, डाळी, शेंगदाणे, दही, कोंबडी यांतून ती आरामात मिळतात.

आणि गोळी बंद करावीशी वाटली, तर आधी रिपोर्ट घेऊन या. बसून बोलू. कधीकधी गोळी खरोखर कमी करता येते, पण ते रिपोर्ट पाहून ठरवू.