न झालेला पेपर



माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेत भूगोलाचे मार्क आहेत. पेपर मी दिलेलाच नाही. माझ्या बॅचच्या कुणीच दिलेला नाही. २३ मार्च २०२० ला होता, चाळीस मार्कांचा. लोकल बंद झाल्या, पाठोपाठ देश बंद. एप्रिलात सरकारनं पेपर रद्द करून बाकीच्या विषयांच्या सरासरीनं मार्क वाटले. वस्तीतली पोरं नाचली, मीपण नाचलो. भूगोल म्हणजे काय, घोकायचं नि ओकायचं.

आणि नेमकं तेव्हाच डोक्यावर बोचकं, कडेवर पोर घेऊन माणसं हायवेनं चालत निघाली होती. नाशिक, जालना, पार यूपी. आमच्या वहीत 'स्थलांतराची कारणे' होती. नोकरी, शिक्षण, विवाह. एकेक मार्क.

आमचं पुस्तक भारत आणि ब्राझीलच्या तुलनेचं. कॉफी-उत्पादनात ब्राझील पहिला, हे सरांनी दोनदा अधोरेखित करायला लावलं. कॉफीच्या गोणी कुणाच्या पाठीवरनं गेल्या, हे सरांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. गोदीत पहिली गोणी पाठीवर आली तेव्हा मला हा प्रश्न पडला. (कधीकधी डोक्याआधी पाठ विचार करते.) मग शोधून वाचलं. रिओ द जानेरोत वालोंगो नावाचा धक्का आहे. आफ्रिकेतनं आणलेली सुमारे नऊ लाख माणसं तिथं गुलाम म्हणून उतरवली. १८४३ ला बादशहाची नवी नवरी यायची म्हणून त्यावर नवा धक्का बांधला, जुना गाडून टाकला. २०११ ला खोदकामात तो परत वर आला, २०१७ ला जागतिक वारसा ठरला. ब्राझीलमधली गुलामी कायद्यानं संपली १८८८ ला. त्याच साली इथं मुंबईत व्हिक्टोरिया गोदी सुरू झाली. 'तुलना करा' म्हणतात ना, ही घ्या.

वस्त्यांचे प्रकार शिकलो : केंद्रित, विखुरलेली, रेषाकृती. चौथा प्रकार आम्हाला घरनंच ठाऊक होता. गावकुसाबाहेरची. आजा सांगायचा, आपली घरं ओढ्याच्या खालच्या अंगाला, गावानं वापरून टाकलेलं पाणी आपल्याकडं. उतार कुठला, वारा कुठला, जातीनं हा भूगोल शाळेच्या आधीच पक्का करून ठेवलेला. डिसेंबर २०२० ला सरकारनं वस्त्यांची जातीवरची नावं बदलायचं ठरवलं. चांगलं केलं, त्यात वाद नाही. पण पाटी बदलल्यानं ओढा काय उलटा वाहत नाही.

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, बाणकोटला समुद्राला मिळते. मार्क पक्का. तिच्याच काठच्या महाडात तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायला बाबासाहेबांना २० मार्च १९२७ ला हजारोंचा मोर्चा न्यावा लागला. नकाशात पाणी नुसतं निळं असतं.

आमच्या अभ्यासिकेतली एक पोरगी परवा म्हणाली, "दादा, भूगोल सोडून देऊ? पासापुरते मार्क इतिहासात काढते." मी म्हटलं, येडी आहेस का. आणि तिला गोदीतली गोष्ट सांगितली.

मोठी बोट भरतीलाच गोदीत घेतात. आमचा मुकादम पहाटे चारला बोलवायचा. बोट लागायची नऊला. हजेरी तिथनं पुढं. पाच तास फुकट, थंडीत, बिडीवर. भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा सरकते, चंद्रामुळे, हे मी नववीत घोकलं होतं. एका रात्री बसून हिशेब मांडला. गँगला सांगितलं, उद्या आठच्या आत कुणी येऊ नका. सगळे आठला आले. बोट आली नऊच्या सुमाराला. मुकादम शिव्या देत होता, पण कुणाचा खाडा लावायचा? कोळ्यांना हे पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ आहे. आम्हीच पुस्तकात बंद करून ठेवलेलं.

पोरीनं पुस्तक परत उघडलं. मार्कांचं तिचं ती बघेल.

तर पुढच्या अंकासाठी कविता जरा कमी पाठवा. (माझ्याही कमी करतो.) नकाशे पाठवा, आपापल्या वस्तीचे, वहीच्या पानावर, पेन्सिलीनं. नळ कुठं, किती वाजता येतो. संडास किती, किती घरांना. नाला कुठनं येतो, जुलैत पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढतं. शाळा किती पावलांवर, पोलीस चौकी किती पावलांवर. प्रमाण लिहा, सूची द्या, उत्तर दिशा दाखवा. बाण नसलेला नकाशा छापणार नाही.