घाना: सत्तांतर झाले, सत्ता खाली उतरली का?

आफ्रिकेतील लोकशाहीचा विषय निघाला की घानाचे नाव आदराने घेतले जाते. ते योग्यच आहे. १९९२च्या राज्यघटनेनंतर २००१, २००९, २०१७ आणि २०२५ मध्ये तेथे शांततेने सत्तांतर झाले. परंतु त्याच घटनेनुसार जिल्हाप्रमुख राष्ट्राध्यक्ष नेमतो, आणि जिल्हासभेच्या निवडणुकीत पक्षांना मज्जाव आहे. गावात दुफळी नको, हा हेतू चांगलाच. पण पक्ष पडद्याआडून वावरतात आणि उत्तरदायी कुणीच राहत नाही. ही बंदी उठवण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये ठरलेले सार्वमत सर्वसहमतीअभावी रद्द झाले. आमच्या मते पक्षांनी गावात उघडपणे यावे आणि जिल्हाप्रमुख लोकांनीच निवडावा. गावाला जाब द्यावा लागल्याखेरीज राजधानीतले पक्ष खऱ्या अर्थाने बळकट होणार नाहीत.