आधी लेंडी, मग औषध

पावसाळ्यात मराठवाड्यातल्या शेळ्यांच्या वाड्यात हमखास दिसणारं दृश्य. दोन महिन्यांचं उस्मानाबादी करडू कान पाडून कोपऱ्यात उभं आहे. शेपटीखालचे केस हगवणीनं माखलेले, लुचायची ओढ संपलेली. मालक मेडिकलमधून जंताच्या औषधाची बाटली आणतो आणि अंदाजानं पाजतो. तरी करडू जातं. जंत फार झाले होते, एवढंच मग बोललं जातं.

बऱ्याचदा ते जंत नसतातच. तीन आठवडे ते पाच महिने या वयातल्या करडांच्या हगवणीमागे कॉक्सिडिया हे एकपेशीय परजीवी वारंवार सापडतात. ते आतड्याच्या अस्तरात, पेशींच्या आत वाढतात. सर्रास पाजलं जाणारं अल्बेंडेझोल त्यांच्यावर चालत नाही. तिथं अँप्रोलियम किंवा सल्फा गटातलं औषध लागतं. मालकानं पैसे घातले, धावपळ केली, आणि हातचे चार दिवस भलत्याच औषधात गेले.

उलटी चूकही तितकीच महागात पडते. हिमाँकस हा शेळीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा जंत. त्याची मादी दिवसाला हजारो अंडी घालते, पण त्यानं हगवण सहसा लागत नाही. लेंड्या गोळीबंद पडत असतात आणि करडू आतून पांढरं पडत जातं; पुढं जबड्याखाली पाणी उतरतं. यासाठी दक्षिण आफ्रिकेत ‘फमाचा’ तक्ता तयार झाला. खालची पापणी उलटून तिचा रंग तक्त्यावरच्या १ ते ५ रंगांशी ताडायचा: १ म्हणजे लाल, ५ म्हणजे पांढराफटक. तक्ता उपयोगाचा आहेच, पण तो रक्त कमी झाल्याचं सांगतो. ते कशानं झालं हे सांगत नाही. कॉक्सिडियानं आजारी करडाची पापणी चांगली गुलाबी असू शकते.

ते सांगते लेंडी. मीठ विरघळायचं थांबेपर्यंत पाण्यात घालायचं, त्यात लेंडी कुस्करून गाळायची. जंतांची हलकी अंडी वर तरंगतात, ती काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. मॅकमास्टर पद्धतीनं ती मोजताही येतात. लेंडी मात्र जमिनीवरची उचलू नये, थेट गुदद्वारातून घ्यावी आणि थंड ठेवून लवकर पोचवावी. उकाड्यात दिवसभर पडून राहिली तर अंडी फुटून अळ्या बाहेर येतात आणि मोजणी फसते.

नुसता आकडाही पुरत नाही. धडधाकट करडाच्या लेंडीतही कॉक्सिडिया दिसतात. कधी हगवण आधी लागते आणि ते लेंडीत उतरतात नंतर. म्हणून वय, वजन, चरायला कधी सोडलं, शेडची जमीन ओली आहे का, हे विचारल्याशिवाय अहवाल वाचता येत नाही. गवताला तोंडच न लावलेल्या करडात हिमाँकस सहसा नसतो, ही एक गोष्ट ठाऊक असली तरी अर्धा घोळ मिटतो.

२०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात १ कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांतल्या किती भूमिहीन घरांच्या आणि एकट्या बायकांच्या दावणीला आहेत, हे गावात फिरणाऱ्याला सांगावं लागत नाही. अशा घरात एक करडू म्हणजे शाळेची फी किंवा दवाखान्याचा खर्च. तिथं औषध पोचतं, तपासणी पोचत नाही, हे बदललंच पाहिजे. प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक हवा. लेंडीचे नमुने गोळा करून आणण्याचं काम पशुसखींना शिकवावं आणि त्याचा मोबदला द्यावा.

हे आता निकडीचं झालं आहे, कारण अल्बेंडेझोलच्या गटातल्या औषधांना दाद न देणारे हिमाँकस भारतातल्या शेळ्या-मेंढ्यांत नोंदले गेले आहेत. शेळीच्या शरीरातून ही औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर पडतात. मेंढीच्या मापानं पाजलेला डोस तिला अपुरा पडतो आणि त्यातून वाचलेले जंत पुढची पिढी वाढवतात. औषध पाजल्यावर १० ते १४ दिवसांनी लेंडी पुन्हा तपासली, तर ते लागू पडलं की नाही हे त्याच सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं, पुढची बाटली आणायच्या आधी.