सातबारा आणि पासपोर्ट



घोरावाडी ते वडगाव या पट्ट्यात भाताच्या खाचरांना लागूनच आता बंगल्यांचे प्लॉट पडले आहेत. पुष्कळ घरांतला एखादा मुलगा नाहीतर पुतण्या दुबईला किंवा अमेरिकेला असतो. सुट्टीवर आला की म्हणतो, "काका, शेजारचा तुकडा विकायला निघालाय, मी घेतो." हेतू चांगलाच असतो. पण बियाणे घेताना आपण पिशवीवरची चिठ्ठी वाचतो, तसे जमिनीच्या व्यवहारात माणसाचे कागद वाचावेत. त्यांत मुख्य दोन : सातबारा आणि पासपोर्ट.

सातबारा आधी पाहू. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते. शेतकरी नसलेल्याला द्यायची तर आधी परवानगी लागते. पुतण्याचे नाव गावच्या सातबाऱ्यावर असेल, तर ही अट पुरी झाली. पण तेवढ्याने भागत नाही.

दुसरी अट परकीय चलनाच्या कायद्याची. फेमा म्हणतात तो हा १९९९ चा कायदा. त्याखालच्या नियमांप्रमाणे परदेशी राहणारा माणूस, मग त्याचा पासपोर्ट भारताचा असला तरी, शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेऊ शकत नाही. परदेशचे नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड काढलेल्यालाही तेच लागू. कार्डावर 'नागरिक' असा शब्द असला तरी त्याने मतदानाचा हक्क मिळत नाही आणि शेत घेण्याचाही नाही. बक्षीसपत्र करून जमीन देऊ म्हणाल, तर तेही चालत नाही. या दोघांना तळेगावात फ्लॅट, दुकान किंवा बिनशेती प्लॉट मात्र घेता येतो. पैसे बँकेमार्फत आले पाहिजेत, रोखीने नाहीत. मूळचा भारतीय नसलेला आणि परदेशातच राहणारा परका माणूस तर साधारणपणे यांपैकी काहीच विकत घेऊ शकत नाही.

इथेच खरा धोका आहे. कागद जमत नाहीत असे दिसले की मध्यस्थ सुचवतो, "खरेदी तुमच्या नावावर करू, पैसे त्यांचे." भोळेपणाने होकार देऊ नका. याला बेनामी व्यवहार म्हणतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर अशी जमीन सरकारजमा होते, एक ते सात वर्षे कैद होऊ शकते आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो. पैसे देणारा आणि नाव देणारा, दोघेही गुन्हेगार ठरतात. बैल उसना द्यावा, अवजार उसने द्यावे, सातबाऱ्यासाठी नाव कधीही उसने देऊ नये.

आता याची दुसरी बाजू. विकत घेता येत नाही म्हणून वारसाहक्कही गेला, असे कित्येक जण धरून चालतात. ते चूक आहे. परदेशी असलेल्या मुलाला वडिलोपार्जित शेत वारसाने मिळते, मुलीलाही मिळते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाएवढाच झाला. ती अमेरिकेत आहे म्हणून वारसनोंदीतून तिचे नाव गाळू नका. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला वर्दी द्या आणि सगळ्या वारसांची नावे लिहा. आज गाळलेले नाव उद्या कोर्टाची पायरी चढायला लावते. पुढे त्या मुलाला आपला हिस्सा विकायचा झाला, तर भारतात राहणाऱ्या भारतीय शेतकऱ्यालाच विकावा लागतो. गावातल्या भावाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तो स्वतः येऊ शकत नसेल, तर कुलमुखत्यारपत्र लागते. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे. पत्र महाराष्ट्रात पोचले की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. हे राहून गेले तर दुय्यम निबंधकाच्या दारात खोळंबा होतो.

दिवाळीला मंडळी घरी येतात. त्या वेळी सातबारा, आठ-अ आणि परदेशच्या मुलाच्या पासपोर्टाची नक्कल एका पिशवीत घालून ठेवा. आणि कोणत्याही व्यवहाराचा विसार घेण्याआधी समोरच्याला दोनच प्रश्न विचारा : तुम्ही राहता कुठे, आणि पासपोर्ट कोणत्या देशाचा?