स्वयंप्रकाश की परप्रकाश?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्याच दिवशी, बत्तीस इंचांहून मोठ्या दूरदर्शन-संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. सणाच्या खरेदीत मोठा पडदा त्यामुळे काहीसा आवाक्यात आला खरा. परंतु घ्यावा कोणता?

वेदान्ताची परिभाषा क्षणभर उसनी घ्यावी, तर ‘ओएलईडी’ पडदा स्वयंप्रकाश होय. त्यातील प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो व स्वतः विझतो, म्हणून त्यावरील काळोख खरा काळोख असतो. ‘एलईडी’ म्हणून विकला जाणारा संच परप्रकाश. पुढे द्रवस्फटिकांचा पडदा, मागे दिवे. ‘क्यूएलईडी’ही बहुधा याच कुळातला. एका अक्षराने भुलू नये!

चित्राची खोली पाहता स्वयंप्रकाशाचे पारडे जड, आणि किंमतही जड. पण भाविकाच्या घरी पंढरपूरचे थेट दर्शन तासन्‌तास लागलेले असते. गाभारा तोच, कोपऱ्यातले वाहिनीचे चिन्ह तेच. ओएलईडीचे बिंदू उजळून उजळून झिजतात. एकाच जागचे सतत उजळले, तर कालांतराने त्या चिन्हाचा डाग पडद्यावर कायम उमटू शकतो. शिवाय अलिबाग-मुरूडकडच्या घरांत पडवीचे दार दिवसभर उघडे. त्या उजेडात प्रखर दिव्यांचा एलईडीच उजवा. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्याने खुशाल ओएलईडी घ्यावा.

खारा वारा मात्र दोहोंचाही वैरी. संच समुद्राकडील खिडकीसमोर टांगू नये. आणि दुकानदार भडक रंगांची चित्रे दाखवू लागला, की त्यास थेट दर्शनच लावावयास सांगावे.